पानेला म्हणजे गूळच का? आणि इतर पत्रे

मार्चच्या अंकात कार्ताहेनातल्या ‘सेमाना सांता’च्या, म्हणजे ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या, गोडाधोडावर मी दोन पाने लिहिली होती. त्यावर आलेली पत्रे महिनाभर माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरून आहेत. ज्यांनी तो अंक वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कार्ताहेना हे कोलंबिया देशाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचे बंदर. स्पॅनिशांनी ते 1533 साली वसवले आणि पुढे त्याला भलीमोठी तटबंदी घातली. माझ्या यजमानांचे काम तिथल्या बंदरात जहाजदुरुस्तीचे होते, म्हणून 2011 ते 2013 आम्ही मांगा नावाच्या वस्तीत राहिलो. मी माहेरची वेंगुर्ल्याची. कुठे नारळ खवल्याचा आवाज आला की माझी पावले तिकडे वळायचीच. त्यामुळे दोन वर्षांत तिथल्या चारपाच स्वयंपाकघरांत माझी चांगली ऊठबस झाली. खालची उत्तरे त्याच शिदोरीतून देते आहे.

पानेला म्हणजे आपला गूळच ना? मग सरळ गूळच का लिहीत नाही? — सांगली जिल्ह्यातले एक गुऱ्हाळवाले

गूळच, काका. उसाचा रस कढईत आटवायचा, मळी काढत राहायची, पाक चिकटाला आला की घोटून साच्यात ओतायचा. त्यांच्या गुऱ्हाळाला ‘त्रापिचे’ म्हणतात. तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट आहे. आपल्याकडे रसाची मळी वर आणायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. तिकडे ग्वासिमो किंवा बाल्सो या झाडांची साल पाण्यात चोळून तिचा बुळबुळीत चीक घालतात. जगाच्या दोन टोकांना दोन माणसांनी कढईपाशी उभे राहून तोच विचार केला, हे मला फार आवडते. गूळ बनवण्यात भारत पहिला आणि कोलंबिया दुसरा. त्यांचा बहुतेक गूळ किनाऱ्यावर नाही, आतल्या डोंगराळ भागात होतो. सान्तान्देर, बोयाका, कुंदिनामार्का हे प्रांत त्यासाठी प्रसिद्ध आहेत. किनाऱ्यावर तो ट्रकने येतो.

‘पानेला’ लिहिले ते रूपासाठी. त्यांच्या ढेपा आपल्यासारख्या मोठ्या नसतात, तळहातावर मावतील अशा गोल किंवा चौकोनी वड्या असतात, आणि दगडासारख्या टणक. माझ्या शेजारच्या आजी त्या फडक्यात गुंडाळून ओट्याच्या कडेवर आपटायच्या.

तुमच्या लेखावरून कोकादा (नारळाची मिठाई) केल्या. गूळ वितळवून त्यात दूध घातले आणि सगळे फाटले. नारळ वाया गेला. कुठे चुकले? — कोल्हापूर

ताई, चूक माझी आहे. मी ‘गुळाच्या, दुधाच्या, पेरूच्या कोकादा’ असे एका दमात लिहून गेले, आणि गूळ व दूध एकत्र घालायचे असे तुम्हाला वाटले. गुळात थोडी आंबट धग असते. उकळत्या गुळात दूध पडले की ते नासते. म्हणून तर आपण गुळाची खीर करताना ती आचेवरून उतरवून जरा निवू देतो आणि मगच गूळ घालतो. कार्ताहेनात दुधाची कोकादा पांढऱ्या साखरेची असते आणि गुळाची कोकादा बिनदुधाची. त्या दोन वेगळ्या आहेत, टोपलीतही वेगळ्या रांगेत मांडतात.

गुळाची अशी करा. दोन वाट्या ओला नारळ घ्या, पण आपल्या विळीच्या खवणीवरचा बारीक चव नको. खोबऱ्याचे तुकडे काढून मोठ्या भोकांच्या किसणीवर लांब लांब किसा. कोकादेची सगळी मजा त्या धाग्यांत आहे. वडीसारखी ती तोंडात विरघळत नाही, दाताखाली येते. एक वाटी चिरलेला गूळ, पाव वाटी पाणी, बोटभर दालचिनी, दोन लवंगा आणि चिमूटभर मीठ एकत्र उकळा आणि गाळून घ्या. गाळायचा कंटाळा करू नका, गुळात कचरा असतोच. मग नारळ घालून मध्यम आचेवर ढवळत राहा. मिश्रण कढईच्या बुडापासून सुटू लागले आणि उलथणे फिरवल्यावर मागे वाट राहिली की उतरवा. मोठा चमचा भरून केळीच्या पानावर किंवा तूप लावलेल्या ताटात टाका. थापू नका, कापू नका. ओबडधोबड, कडेने धागे बाहेर आलेली, अशीच ती हवी. पावसाळ्यात गुळाची कोकादा घाम फोडते, तेव्हा दोन दिवसांत संपवा. उन्हाळ्यात डब्यात आठवडाभर राहते.

फाटलेले मिश्रण टाकले असेल तर हळहळ वाटते. पुन्हा असे झाले तर आटवून घट्ट करा, कलाकंदासारखे रवाळ होते आणि खायला वाईट लागत नाही.

आमच्याकडे नाताळच्या कुस्वारात (फराळात) कोकाद असते. नावात एवढे साम्य योगायोगाने आले का? — मडगाव

योगायोग नाही. ‘कोको’ म्हणजे नारळ, त्यावरून स्पॅनिश आणि पोर्तुगीज या दोन्ही भाषांत ‘कोकादा’. एक फांदी पोर्तुगीजांबरोबर तुमच्या दारात आली, दुसरी स्पॅनिशांबरोबर कॅरिबियन किनाऱ्याला लागली. दोन्ही किनाऱ्यांनी शब्द ठेवला आणि पदार्थ आपापल्या हाताने वळवला. तुमच्या कोकादीत रवा पडतो, वडी शंकरपाळ्यासारखी कापली जाते. तिकडे रवा नाही, कापणेही नाही, पण त्यात अननस घाला, पेरू घाला, पॅशनफ्रूट घाला, काही चालते.

आणखी एक जोडी आहे, ती मला जास्त जवळची वाटते. तुमच्याकडे चणाडाळ आणि नारळाचा ‘दोस’ होतो. तिकडे तुरीचा होतो. त्याबद्दल पुढच्या पत्रात लिहिते, कारण ते पत्र नेमके तिथेच बोट ठेवते.

पवित्र आठवडा म्हणजे ख्रिस्ती लोकांचा दुःखाचा आठवडा. मग त्यात एवढे गोड का करतात? आणि घरोघरी नेमके काय चालते ते लेखात आले नाही. — अमरावती

तुमचे म्हणणे खरे आहे, लेखात मी पदार्थ मोजत बसले आणि घरे राहून गेली.

हा आठवडा मांस वर्ज्य करण्याचा. मासे चालतात, पण घरातला नेहमीचा स्वयंपाक बाजूला पडतो. शेजारच्या आजी सांगायच्या की त्यांच्या लहानपणी गुरुवारी-शुक्रवारी चूल पेटवायची नाही, केर काढायचा नाही, मोठ्याने बोलायचे नाही. आदल्या दिवसांत जे शिजवून ठेवले तेच खायचे. हे ऐकताना मला आपली शिळा सप्तमी आठवली. चुलीला विश्रांती द्यायची आणि कालचे खायचे. आता शिजवलेले दोनतीन दिवस टिकायला हवे आणि हवा तर अशी की सकाळचा भात संध्याकाळी वास मारतो. गुळात शिजवलेले फळ मात्र टिकते. सणाचा अर्थ लोक वेगवेगळा सांगतात. मला तरी त्या गोडामागचे पहिले कारण हे टिकणेच वाटते.

काय काय करतात? कच्च्या पपईचा, रताळ्याचा, चिंचेचा, पिकल्या केळ्यांचा ‘दुल्से’, म्हणजे गोड पदार्थ. ‘न्यामे’ नावाच्या कंदाचा दुल्से. हा कंद आपल्या कोनफळाच्या कुळातला. कोरोसो नावाच्या ताडवर्गीय झाडाला बोराएवढी आंबटगोड लाल फळे येतात, त्यांचा. आणि मोंगो-मोंगो. यात पिकली मोठी केळी, आंबा, मामेय, अननस, नारळ, गूळ, लवंग, दालचिनी असे सगळे एका भांड्यात तासन् तास शिजते आणि शेवटी चॉकलेटी रंगाचा, चमचा उभा राहील असा लगदा होतो. कुठले फळ कुठले ते जिभेला ओळखता येत नाही. मला पहिल्यांदा ते आवडले नव्हते. दुसऱ्या वर्षी मी मागून घेतले.

हे सगळे एका घरापुरते कधीच होत नाही. आजींच्या मागच्या अंगणात तीन विटांवर मोठे जाड पातेले चढायचे, ‘काल्देरो’ म्हणतात त्याला, आणि लांब दांड्याच्या लाकडी पळीने आळीपाळीने ढवळणे चालायचे. संध्याकाळी नातवंडे हातात झाकलेल्या बशा घेऊन गल्लीभर निघायची. या घरचे पपईचे त्या घरी, त्या घरचे रताळ्याचे या घरी. बुधवारपर्यंत प्रत्येकाच्या टेबलावर सातआठ रंगांच्या बशा जमलेल्या. दिवाळीत आपल्या वाड्यातून फराळाची ताटे फिरायची, तसेच. ताटावरचा क्रोशाचा रुमालसुद्धा तसाच.

आता तुरीची गोष्ट. 2013 साली गुड फ्रायडे 29 मार्चला होता आणि होळी पौर्णिमा त्याच आठवड्यात, 26 तारखेला आली. (हे पुष्कळदा होते. वसंतविषुवानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. ती पौर्णिमा कधी आपली होळीची असते, कधी हनुमान जयंतीची.) मला पुरणपोळी करायची होती. चणाडाळ कुठे मिळेना. बासुर्तोच्या मंडईत, जिथे अख्खे शहर बाजाराला येते, एका बाईपुढे वाळलेल्या दाण्यांचे पोते दिसले. हातात घेऊन पाहिले तर तूर! अख्खी, सालासकट. तिकडे तिला ‘ग्वांदुल’ म्हणतात. माझ्या सासरी पुरण तुरीचेच करत, त्यामुळे मला पोते बघून घरचे कोणी भेटल्यासारखे झाले. दोन किलो घेतली, रात्रभर भिजवली, सकाळी चोळून चोळून साले काढली. बोटे सुरकुतली.

पुरण शिजत असताना आजी मागच्या दाराशी आल्या. वासावरून आल्या होत्या. म्हणाल्या, “तू ग्वांदुलचा दुल्से करतेस? तुला कोणी शिकवला?” मी म्हटले, आमच्याकडे आज सण आहे, आम्ही हे पोळीत भरतो. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिले, पळीने थोडे तळहातावर घेतले, चाटले, आणि काही न बोलता घरी गेल्या. परत आल्या त्या वाडगा घेऊन. त्यांच्याही चुलीवर त्या दिवशी तेच शिजत होते. तूर शिजवून, चाळणीतून घासून, गूळ, नारळाचे दूध, दालचिनी आणि लवंग घालून आटवलेली. पुरणच ते, फक्त वेलदोड्याच्या जागी लवंग आणि तुपाच्या जागी नारळाचे दूध. मी त्यांना चार पोळ्या दिल्या. वेलदोड्याचा वास त्यांच्या ओळखीचा नव्हता. रिकामा दोडा त्यांनी कितीतरी वेळ नाकाशी धरला होता.

तूर मूळची आपल्या देशातली. इथून ती आफ्रिकेत गेली आणि आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांबरोबर कॅरिबियन किनाऱ्यावर पोचली. ज्यांना साखळदंडात आणले त्यांच्याबरोबर हे दाणे आले, कोणीतरी ते परक्या मातीत पेरले, आणि त्यांच्या पणतवंडांनी ते सणाचे अन्न केले. आंबा आणि चिंचही अशीच बाहेरून तिकडे गेली. उलट दिशेने आपल्याकडे पपई, पेरू, चिक्कू, काजू, रताळे आणि साबुदाण्याचा कसावा-कंद आला. उपासाच्या ताटातले निम्मे त्यांच्याकडचे आणि त्यांच्या पवित्र आठवड्याच्या पातेल्यातले निम्मे आपल्याकडचे, हे मला त्या दिवशी आजींच्या ओट्यापाशी उभे असताना कळले.

रंगीत झगे घालून डोक्यावर फळांची परात घेतलेल्या बायकांचे फोटो सगळीकडे दिसतात. ते सगळे पर्यटकांसाठीच सजवलेले आहे ना? — दादर, मुंबई

झगे आता पर्यटकांच्या डोळ्यांसाठी जास्त भडक झाले आहेत, हे खरे. बाकी नाही. या बायकांना ‘पालेंकेरा’ म्हणतात, कारण त्या सान बासिलियो दे पालेंके या गावच्या. कार्ताहेनापासून आग्नेयेला सुमारे 50 किलोमीटरवर हे गाव आहे. गुलामगिरीतून पळालेल्या आफ्रिकन लोकांनी रानात कुंपणे घालून ज्या वस्त्या केल्या त्यांना पालेंके म्हणत. त्यांचा पुढारी बेन्कोस बियोहो. स्पॅनिशांनी त्याला 1621 साली कार्ताहेनात फाशी दिले. पण वस्ती मोडली नाही, आणि शतकभराने, 1713 च्या सुमारास, सरकारला या लोकांचे स्वातंत्र्य मान्य करावे लागले. गावाची स्वतःची भाषा आहे. तिचे शब्द बरेचसे स्पॅनिश, पण हाडे आफ्रिकेतल्या बांटू भाषांची. 2005 साली युनेस्कोने या गावाच्या परंपरेला मानवजातीचा मौखिक आणि अमूर्त वारसा म्हणून जाहीर केले. दर ऑक्टोबरमध्ये तिथे ढोलांचा उत्सव होतो.

पुरुष शेतावर आणि बायका परात घेऊन शहरात, अशी तिथली कित्येक पिढ्यांची रीत. पहाटेच्या गाडीने यायचे, फळे आणि गोड विकायचे, रात्री परतायचे. काही बायका महिना महिना दूरच्या शहरांत राहून गोड करून विकतात आणि त्या पैशावर मुलांना शिकवतात.

त्यांचा खास पदार्थ ‘अलेग्रीया’. शब्दाचा अर्थ आनंद. मियो नावाच्या भरडधान्याच्या लाह्या, गुळाचा पाक, नारळ आणि ‘अनीस’ (बडीशेपेहून बारीक, तिच्याहून गोड वासाचे दाणे) यांचा लाडू. मेक्सिकोतही अलेग्रीया आहे, पण ती राजगिऱ्याची. म्हणजे आपल्या राजगिऱ्याच्या लाडवाचीच बहीण. पाक चटके बसेल इतका गरम असतानाच तळहाताला पाणी लावून लाडू वळावे लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तिथे गेल्यावर पहिल्याच महिन्यात मी घड्याळाच्या मनोऱ्यापाशी एका पालेंकेराचा न विचारता फोटो काढला आणि पुढे निघाले. ती ओरडली नाही. नुसती म्हणाली, “सेन्यो (बाई), मी पहाटे तीनला उठून हे केले आहे.” मला आजही ते वाक्य ऐकू येते. मी मागे फिरले, सहा अलेग्रीया घेतल्या, तिची माफी मागितली. नंतर दोन वर्षे मी तिच्याकडूनच घेत राहिले, आणि तिनेच मला काबायितो करायला शिकवले. काबायितो म्हणजे ‘छोटा घोडा’. कच्च्या पपईच्या लांब काड्या गुळात शिजवतात आणि त्यांच्या मऊ जुड्या गोळा करून ठेवतात. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. तुमचे कोणी तिकडे गेले तर त्या बाईला आधी विचारा, तिला तिचा मोबदला द्या, आणि मुख्य म्हणजे तिच्या हातचे खा. ती चित्रातली बाहुली नाही, ती हलवाई आहे.

पुढच्या वर्षी कामानिमित्त कोलंबियात जाणार आहे. शाकाहारी आहे. कोणत्या दिवसांत जावे आणि काय खावे? — पुणे

2027 साली ईस्टर 28 मार्चला आहे, म्हणजे 21 मार्चपासूनचा आठवडा पकडा. त्या दिवसांत नगरपालिकेची वारसा आणि संस्कृती संस्था जुन्या शहरात ‘फेस्तिवाल देल दुल्से’ भरवते. ओळीने मंडप, प्रत्येकात एक घर, आई-मुली-सुना, आणि समोर मोठ्या पातेल्यांतून दुल्से. चव बघायला छोटा चमचा देतात. जागा बदलत असते, तिथे पोचल्यावर विचारा.

त्या आठवड्यात जमले नाही तरी ‘पोर्ताल दे लोस दुल्सेस’ वर्षभर आहे. घड्याळाच्या मनोऱ्याच्या कमानीतून आत गेले की समोर जो चौक लागतो, त्याच्या एका अंगाला कमानींची लांब ओसरी. तिच्या सावलीत काचेच्या बरण्या घेऊन बायका बसलेल्या असतात. त्या बरण्यांत कोकादा, चिंचेचे गोळे, दुधाच्या बाहुल्या, काबायितो. हा चौक एकेकाळी गुलामांच्या विक्रीचा होता. मी तिथे पेढा विकत घ्यावा तसे सहज काही घेऊ शकले नाही कधी. जिथे आजीपणजीला विकले त्याच दगडांवर बसून या बायका आज आपल्या मालाची किंमत स्वतः सांगतात. तुम्ही घासाघीस करू नका.

तिखटमिठाचे खायचे असेल तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला जा. 2 फेब्रुवारीला कांदेलारिया मातेचा सण. तिचा मठ शहरामागच्या ला पोपा टेकडीवर आहे, 1607 सालचा. आधीचे नऊ दिवस लोक टेकडी चढतात आणि त्याच सुमारास तळणीची जत्रा भरते, ‘फेस्तिवाल देल फ्रितो’. तुमच्यासाठी तिथे पुष्कळ काही आहे. चवळी भिजवून, साले काढून, वाटून आणि हाताने खूप फेटून केलेली भजी, ‘बुन्युएलो दे फ्रिहोल’. पश्चिम आफ्रिकेतून आलेला हा पदार्थ आपल्या जिभेला लगेच ओळखीचा वाटतो. शिजवलेल्या कसावा-कंदाच्या पारीत चीज भरून तळलेली कारिमान्योला. हिच्यात खिमाही भरतात, तेव्हा चीजची मागा. दोनदा तळलेले कच्चे केळे, ‘पाताकोन’. अंडे चालत असेल तर ‘आरेपा दे उएवो’ चुकवू नका. मक्याच्या पिठाची जाड पुरी तेलात टम्म फुगवतात, बाहेर काढून कडेला चीर देतात, आत कच्चे अंडे सोडतात, पिठाने तोंड बंद करून पुन्हा तळतात. लुरुआको गावात फक्त या पदार्थाची वेगळी जत्रा भरते.

एक सावधगिरी. ‘सिन कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय, असे म्हटले तर पुष्कळदा कोंबडी येते, कारण ‘कार्ने’ म्हणजे त्यांच्या बोलण्यात गोमांसच. कोंबडी नको, मासा नको, हे वेगळे सांगा. तळणीला ‘मान्तेका’ वापरली आहे का तेही विचारा. डुकराच्या चरबीलाही तेच म्हणतात.

एन्युकादो (कसावा-कंद आणि नारळाची भाजलेली गोड वडी) इथे करता येईल का? कसावा-कंद मिळत नाही. साबुदाण्याचा चालेल का? — नाशिक

साबुदाणा नको. तो त्या कंदाचा नुसता स्टार्च असतो, एन्युकादोला कंदाचा चोथा हवा. केरळी दुकानात ‘कप्पा’ मागा, ताजा नाही तर गोठवलेला तरी मिळतो. जाड साल आणि तिच्याखालचा गुलाबी पापुद्रा, दोन्ही काढा. मधला दोरा काढा. हा कंद कच्चा कधीही खाऊ नये, मुलांना किसताना तुकडा तोंडात टाकू देऊ नका. त्यातले विषारी द्रव्य नीट शिजल्यावरच जाते.

अर्धा किलो किसलेला कंद घट्ट पिळून घ्या. एक वाटी ओल्या नारळाचा कीस, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी नारळाचे घट्ट दूध, दोन चमचे लोणी, एक चमचा बडीशेप. त्यांच्याकडचे खारट, भुसभुशीत ‘केसो कोस्तेन्यो’ इथे मिळणार नाही. मी एक वाटी पनीर कुस्करून त्यात पाव चमचा मीठ मिसळते आणि अर्धा तास चाळणीत ठेवते, म्हणजे पाणी निघून जाते. सगळे कालवून लोणी लावलेल्या ट्रेमध्ये दोन बोटे जाडीचे पसरा. 180 अंशांवर तासभर, वरून खरपूस तपकिरी होईपर्यंत. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात, खाली तवा ठेवून, मंद आचेवर पाऊण तास. मग उलटून दुसरी बाजू. आपल्याकडे काकडीचे धोंडस करतात तसेच.

गरम असताना कापू नका, चुरा होतो. आजी ते झाकून रात्रभर ठेवायच्या आणि सकाळी काळ्या कॉफीबरोबर द्यायच्या. कडेचा करपट तुकडा त्या माझ्यासाठी बाजूला काढून ठेवत.